क्लचमास्तरांची चालती गाडी

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली दोन गोष्टी झाल्या. बसचं तिकीट दोनदा वाढलं आणि नर्सबाईंच्या गुडघ्यांनी संप पुकारला. तिकिटाचं कुणाच्याच हातात नव्हतं. गुडघ्यांचं मात्र ताईला काहीतरी करणं भाग होतं, कारण तिची सगळी संस्था त्या दोन गुडघ्यांवर उभी होती.

संस्था म्हणजे शिंप्याच्या दुकानावरची एक खोली, एक लोखंडी कपाट आणि भिंतीवर तेवीस नावांची यादी. ही तेवीस माणसं आपापल्या घरी अंथरुणाला खिळलेली. कुणाला पक्षाघात, कुणाचं खुब्याचं हाड मोडलेलं, कुणी नुसतंच फार म्हातारं. नर्सबाई घरी जाऊन त्यांचं अंग पुसायच्या, पाठीच्या जखमा धुवायच्या, कूस बदलायला शिकवायच्या आणि घरातल्या सुनांना व मुलांना, दोघांनाही सारखंच रागवायच्या. ताई चव्वेचाळीस वर्षांची, नर्सबाई छप्पन्न. पण संस्था ताईने काढली म्हणून नर्सबाई तिला ताई म्हणत आणि हुकूम मात्र स्वतःच सोडत.

बसने आणि पायी दिवसाला चार घरं व्हायची. तेवीसला चाराने भागलं की काय होतं ते नर्सबाईंचे गुडघे रोज सांगत होते. शेवटी एका सोमवारी त्या बॅग टेबलावर ठेवून म्हणाल्या की मोठ्या इस्पितळात एका वॉर्डात बसून करायची नोकरी मिळते आहे, दोन महिने थांबते, तोवर गाडीची सोय झाली तर ठीक, नाहीतर राम राम. त्यांच्या जागी त्या पगारात दुसरं कुणी येणार नव्हतं. म्हणजे दोन महिन्यांनी खोलीला कुलूप आणि तेवीस नावं वाऱ्यावर.

आता यातली गंमत अशी की ताईच्या संस्थेकडे गाड्यांचा तुटवडा नव्हता. वर्षभरात पाच गाड्या मिळाल्या होत्या.

ती कल्पना नाक्यावरच्या गॅरेजवाल्या मिस्त्रींची. ताई त्यांच्याकडे वर्गणी मागायला गेली तेव्हा त्यांनी खिसे उलटे करून दाखवले आणि म्हणाले, पैसे नाहीत, पण समोरच्या डॉक्टरीणबाईंच्या शेडमध्ये एक गाडी नऊ वर्षं पडून आहे, तिच्यात दरवर्षी मांजर विते; ती मागा, मी मोडून विकून देतो. डॉक्टरीणबाईंनी मांजरासकट दिली. मिस्त्रींनी इंजिन एकाला, दारं दुसऱ्याला आणि उरलेला सांगाडा भंगारात घातला. त्यातून डोक्याकडून वर उचलता येणारी एक खाट आली, चाकांच्या दोन खुर्च्या आल्या, आणि रबरी चादरींचा एक गठ्ठा. ताईने डॉक्टरीणबाईंना पत्र लिहून कळवलं की तुमच्या गाडीचं काय काय झालं. त्यांनी ते पत्र सगळ्या शेजाऱ्यांना वाचून दाखवलं. मग ताईने पत्रकंच छापली: तुमच्याकडे पडून असलेली गाडी आम्हाला द्या, आम्ही येऊन घेऊन जाऊ.

लोकांनी दिल्या. पण माणूस गाडी कधी देतो? ती मेल्यावर. एकाने दिली ती चाकांशिवाय; चाकं म्हणे पुढेमागे लागतील. एकाने दिली आणि दर रविवारी गॅरेजात येऊन तिच्यात तासभर बसायचा, मिस्त्रींना ती मोडायची म्हणजे शनिवारीच मोडावी लागली. प्रत्येक जण छातीठोकपणे सांगायचा की गाडी उत्तम स्थितीत आहे, फक्त जरा ढकलावी लागते. या गाड्यांतून खाटा झाल्या, खुर्च्या झाल्या, औषधं आली, अर्ध्या वर्षाचं भाडं निघालं. नर्सबाईंना बसवून नेईल अशी मात्र एकही झाली नाही.

चालती गाडी साऱ्या वस्तीत एकाकडेच रिकामी होती. क्लचमास्तरांकडे.

त्यांचं खरं नाव पाटीवर होतं, पण पाटी कुणी वाचत नसे. सव्वीस वर्षं त्यांनी ड्रायव्हिंग स्कूल चालवलं होतं आणि तेवढी वर्षं धान्याच्या गोदामामागच्या मैदानातून "क्लच" अशी हाक तीन गल्ल्यांना ऐकू जायची. आदल्या वर्षी डोळे तपासणीत अडकले, लायसन्स गेलं, स्कूल बंद झालं. फिकट निळी गाडी तेवढी राहिली. शिकवण्याची गाडी असल्याने तिला शेजारच्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेक होता. मास्तर रोज सकाळी ती पुसायचे, शेडमध्येच दहा मिनिटं सुरू ठेवायचे आणि बंद करायचे.

मागायला जायचं ताई रोज उद्यावर ढकलत होती. तेवीस वर्षांपूर्वी ती त्यांच्याकडे शिकायला गेली होती. मास्तरांची एक खास पद्धत होती. गाडीत समोर, काचेखालच्या फळीवर ते काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवायचे. धडा संपेपर्यंत थेंब सांडला नाही तर पुढचा धडा, सांडला तर तोच परत. ताईने बत्तीस धडे घेतले, म्हणजे एकच धडा बत्तीस वेळा घेतला. शेवटी मास्तरांनी तिच्या वडिलांना बोलावून सांगितलं की मुलगी हुशार आहे, तिला बसचा पास काढून द्या. वडील ते वाक्य मरेपर्यंत लग्नाकार्यात सांगत राहिले.

तरी ती गेली. दार मास्तरीणबाईंनी उघडलं आणि ताई काही बोलायच्या आत म्हणाल्या, "बरी आलीस. एकदाची ने बाई माझी सवत."

मास्तरांनी मात्र सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि अट घातली. गाडी देईन, पण चालवणारा माझ्या परीक्षेत उतरला पाहिजे. सरकारी नव्हे, माझ्या. कोण चालवणार आहे? पगारी ड्रायव्हर ठेवण्याची ऐपत संस्थेची नव्हती, तेव्हा ताईला सांगावंच लागलं की मीच. मास्तरांनी चष्मा चढवून तिच्याकडे पाहिलं.

"तू ती पेलेवाली ना?" ते म्हणाले.

झालं. चव्वेचाळीसाव्या वर्षी ताई पुन्हा गोदामामागच्या मैदानात. शेजारच्या सीटवर मास्तर, समोर तोच पितळी पेला, आणि कुंपणाबाहेर गोदामातले हमाल कामं सोडून बघायला उभे. मास्तरांचा आवाज तसूभरही कमी झाला नव्हता. पण नवल म्हणजे या खेपेला पाणी सांडेना. पहिले दोन दिवस थोडं हिंदकळलं, मग तेही नाही. ताई आता वयाने जड झाली होती, घाई करत नव्हती. मास्तरांनी सूचना द्यायची, तिने विचार करायचा, तेवढ्यात गाडी लोण्यासारखी थांबायची. मास्तर खूश होते. म्हणाले, सुधारलीस, तेव्हा फार धसमुसळी होतीस. ताईला इतकं बरं वाटलं की तिने घरी जाऊन वडिलांच्या फोटोला ते ऐकवलं.

पाच आठवड्यांनी सरकारी परीक्षा. मास्तरांच्या हाताखालचा एकही विद्यार्थी त्या परीक्षेत नापास झाला नव्हता, हा त्यांचा मोठा मान. परीक्षा घेणारे साहेब त्यांच्या ओळखीचे. ते मागच्या सीटवर बसायचे आणि मास्तर आपल्या नेहमीच्या जागी, शेजारी. चौकात एक सायकलवाला आडवा आला, गाडी जागच्या जागी थांबली आणि साहेब मागून म्हणाले, वा, ब्रेक फार छान लावता बाई. लायसन्सवर तिथेच सही झाली.

ताईने मात्र सहीकडे नव्हे, आपल्या पायाकडे पाहिलं. कारण साहेबांनी वा म्हटलं तेव्हा तिचा पाय अजून हवेत होता.

ती तडक गॅरेजमध्ये गेली. मिस्त्री गाडीखाली होते, नुसते पाय बाहेर. तिने त्या पायांनाच विचारलं की मास्तरांच्या गाडीला ब्रेक लावतं कोण. गाडीखालून हसण्याचा आवाज आला.

मिस्त्री बाहेर सरकले आणि हात पुसत त्यांनी सांगितलं ते असं. मास्तरांचा पाय. त्यांनाही ते ठाऊक नाही, एवढीच मेख. माणूस भित्रा, आणि सव्वीस वर्षांची सवय. समोर काही दिसलं की डोक्याआधी पाय खाली जातो. म्हणून त्यांच्या गाडीला कधी ओरखडा नाही आणि म्हणून त्यांच्या प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतःची गाडी लायसन्स मिळाल्यापासून आठ दिवसांत कुणाच्या तरी फाटकावर. या वस्तीतले फाटकाचे खांब बघा, एकही सरळ नाही.

"मग तुम्ही त्यांना सांगितलं का नाही कधी?" ताईने विचारलं.

"ताई," मिस्त्री म्हणाले, "मास्तरांच्या विद्यार्थ्यांवर मी हे गॅरेज बांधलं. दोन मुलींची लग्नं केली."

ताई स्टुलावर बसली. तिला तेवीस वर्षांपूर्वीचं सगळं लख्ख दिसलं. ती धसमुसळी नव्हतीच. मास्तरांच्या सबंध कारकिर्दीत वेळेवर ब्रेक लावणारी ती एकटीच विद्यार्थिनी होती. तिचा पाय आणि त्यांचा पाय एकाच वेळी खाली जायचे, गाडीला हिसका बसायचा आणि पाणी सांडायचं. आता वय वाढलं, पाय मागे राहिला, पाणी सांडेनासं झालं. याला मास्तर सुधारणा म्हणत होते. रागवावं की हसावं ते तिला कळेना. मग तिला नर्सबाई आठवल्या, त्यांच्या मांडीवरची औषधाची बॅग आठवली, आणि दोन्ही राहिलं. पर्समध्ये लायसन्स होतं आणि तिने आयुष्यात एकदाही एकटीने गाडी थांबवली नव्हती.

नोटिशीचे बारा दिवस उरले होते. मास्तरांना तोंडावर सांगावं तर म्हातारा मोडून पडेल, नाहीतर चिडून गाडी शेडमध्ये घालून बसेल. दुपारी, मास्तर झोपायच्या वेळेला, ताई मास्तरीणबाईंकडे गेली आणि सगळं सांगितलं.

मास्तरीणबाई शेंगा सोलत होत्या. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या की गाडी कागदोपत्री माझ्याच नावावर आहे, माझ्या वडिलांनी घेऊन दिली होती. मी आज सही केली तर आज तुझी. ताईचा चेहरा उजळलेला पाहून त्यांनी हात वर केला.

"सही माझी आहे गं. पण द्यायला हात त्यांचा पुढे आला पाहिजे. नाहीतर मी गाडी दिली आणि नवरा घालवला, असं होईल." मग त्यांनी एक शेंग सोलली. "त्या नर्सबाईंना पाय लांब करून बसायला लागतं म्हणालीस ना? मग शेजारच्या सीटखालची ती अडगळ हवीच कशाला? मालकीण सांगते आहे, काढून टाक."

मिस्त्रींनी ते काम दुसऱ्या दिवशी दुपारी, मास्तरांच्या झोपेच्या दीड तासात, शेडमध्येच उरकलं. जादा क्लच गेला, जादा ब्रेक गेला, भोकांना रबरी बुचं लागली आणि वर पायपुसणं. त्यानंतरचे तीन दिवस मास्तरीणबाईंनी मास्तरांना पडसं झालंय असं पटवून घरात बसवलं आणि ताईने मैदानात मिस्त्रींना शेजारी घेऊन गाडी थांबवायचा सराव केला. विटा रचायच्या आणि विटांच्या अलीकडे थांबायचं. पहिल्या दिवशी तिने अकरा विटा फोडल्या. तिसऱ्या दिवशी एक. मिस्त्री म्हणाले, मास्तरांचे विद्यार्थी एवढं शिकले असते तर मी भिकेला लागलो असतो.

मास्तरांची परीक्षा शनिवारी सकाळी ठरली. नर्सबाई म्हणाल्या की नुसतं पेट्रोल जाळत हिंडण्यापेक्षा माझी घरं तरी होऊ द्या, आणि बॅग घेऊन मागच्या सीटवर बसल्या. मास्तर इस्त्रीच्या पांढऱ्या पँटीत आले. पेला ठेवला, काठोकाठ भरला आणि सांगितलं की मैदान, बसस्टँड, बाजाराचा उतार, आणि परत.

मैदान झालं, बसस्टँड झाला. मास्तरांच्या पायाला काम पडलं नाही, कारण ताई तिच्या वयाला न शोभेल इतक्या सावकाश चालली होती. मग बाजाराचा उतार आला. खाली वळणावर फरशांनी भरलेली एक हातगाडी चढ चढत होती, दोन माणसं ढकलत होती. गाडी त्यांच्यापासून दहा पावलांवर आली तेवढ्यात एकाचा पाय घसरला आणि हातगाडी फिरून रस्त्यात आडवी झाली, सरळ यांच्या तोंडासमोर.

मास्तरांचा पाय खाली गेला. पायपुसण्यावर धप्प असा आवाज झाला. आणखी एकदा झाला. त्याच क्षणी ताईचाही पाय खाली गेला, आणि तिच्या पायाखाली मात्र ब्रेक होता. गाडी किंचाळली, हिसका देऊन उभी राहिली, आणि पितळी पेला उडून सगळं पाणी मास्तरांच्या पांढऱ्या पँटीवर. हातगाडीवाल्यांनी दगड लावून आपली हातगाडी थोपवली.

मास्तर खाली वाकले. त्यांनी पायपुसणं उचललं, बुचं पाहिली, एकेक बोटाने चाचपून पाहिलं. ताईने तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. ते खाली उतरले, ओल्या पँटीनिशी गाडीपुढे गेले आणि बंपर व हातगाडी यांच्यामध्ये वीत धरून पाहिली. एक वीत आणि वर दोन बोटं भरली. भाजीवाले मान उंच करून बघत होते. मास्तर परत येऊन बसले.

"पाणी सांडलं," ते म्हणाले.

"सांडलं," ताई म्हणाली. गेली गाडी, तिच्या मनात आलं.

"सव्वीस वर्षांत इतकं कधी सांडलं नव्हतं." ते समोर बघत राहिले. "म्हणजे इतकी वर्षं मी कुणाला शिकवलंच नाही. मीच चालवत होतो."

उत्तर मागच्या सीटवरून आलं. सुरात जराही फरक न करता नर्सबाई म्हणाल्या, "तेवीस माणसांना आठवड्यातून दोनदा बघायचं आहे मला. तुम्हाला काय दुःख करायचं ते गाडी चालू ठेवून करा."

मास्तरांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. सव्वीस वर्षांत त्यांच्या गाडीत त्यांच्याशी असं कुणी बोललं नव्हतं. मग ते ताईला म्हणाले की हातगाडी गेली की वळव आणि हाच चढ चढ, मध्यावर थांब आणि मागे न घसरता परत निघून दाखव. हे मी कुणालाच शिकवू शकलो नाही. ताईने पहिल्या खेपेला गाडी बंद पाडली. दुसऱ्या खेपेला ती बोटभरही मागे न सरकता निघाली. मास्तर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते आणि पाय, त्यांनी मुद्दाम सीटखाली ओढून घेतले होते.

"पुढचं घर कुठलं?" त्यांनी नर्सबाईंना विचारलं.

त्या दिवशी नऊ घरं झाली. पहिल्या तीन घरांना मास्तर गाडीतच बसले, पँट वाळवत. चौथं घर तिसऱ्या मजल्यावर होतं, तिथे त्यांनी नर्सबाईंची बॅग हातात घेतली. सातव्या घरी एक निवृत्त पोस्टमन होता, नर्सबाईंचे गुडघे दुखत असल्याने त्याच्याकडे सतरा दिवसांत कुणी फिरकलं नव्हतं. त्याची पाठ नर्सबाई धूत होत्या आणि मास्तर त्याचा हात धरून त्याच्याशी रस्त्यांविषयी बोलत होते. पोस्टमनला वस्तीतले सगळे रस्ते पाठ, मास्तरांनाही. बाहेर आल्यावर पुढच्या घराचा रस्ता मास्तरांनीच सांगितला. पाच वाजता घरी पोचल्यावर त्यांनी किल्ली ताईच्या हातात ठेवली आणि मास्तरीणबाईंना म्हणाले, कागद आण, सही कर. मास्तरीणबाईंनी कागद टेबलावर ठेवला. सही आठ दिवसांपूर्वीच केलेली होती.

नर्सबाईंनी इस्पितळाला नकार कळवला आणि पुढची नऊ वर्षं, पासष्ट वर्षांच्या होईपर्यंत, मास्तरांच्या त्या शेजारच्या सीटवर पाय लांब करून काढली. मग बहिणीकडे राहायला गेल्या आणि तिथून पत्रांनी हुकूम सोडत राहिल्या. मास्तरांनी चालती गाडी दिली ही बातमी फिरली, तेव्हा लोकांच्या ध्यानात आलं की गाडी द्यायला ती मरायची वाट बघावी लागत नाही. पुढच्या चार वर्षांत अकरा गाड्या आल्या, त्यांतल्या तीन आपल्या पायांनी. एक ठेवली, दोन विकल्या, बाकीच्या मोडल्या. यादी तेवीसवरून सत्तरावर गेली आणि दुसरी नर्स आली. मिस्त्रींनी फाटकांच्या खांबांचं काम कमी झाल्याची तक्रार आयुष्यभर केली आणि संस्थेच्या गाड्यांची दुरुस्ती आयुष्यभर फुकट केली. ते गेल्यावर गॅरेज धाकट्या मुलीने चालवलं.

निळी गाडी बारा वर्षं चालली. शेवटी ती मोडली तेव्हा तिच्यातून हवेच्या दोन गाद्या आल्या. ताई सदुसष्टाव्या वर्षापर्यंत गाडी चालवत होती, सावकाश आणि रस्त्याच्या मधोमध. आता ती संस्थेच्या खोलीत बसून आलेल्या गाड्यांची पत्रं लिहिते.

मास्तर दान आलेल्या गाड्या तपासायचं काम करू लागले. दाता गाडीचे गुण सांगायला लागला की ते बॉनेट उघडून कान लावायचे आणि त्याला गप्प बसवायचे. मास्तरीणबाई शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होत्या. त्यांच्याकडे गाडी मंगळवारी आणि शुक्रवारी यायची, साडेनवाला. मास्तर नऊपासून फाटक उघडून उभे राहायचे, आणि गाडी नीट आत येईपर्यंत खांबाला पाठ लावून श्वास रोखून धरायचे.